दाढेत काय भरले आहे? : प्रस्तावना

गुडघ्याची वाटी बदलायची म्हटली की घरातली चार माणसे बसून चर्चा करतात. वाटी कोणत्या धातूची, कोणत्या कंपनीची, किती वर्षे टिकेल, असे सगळे विचारून घेतात. दाढ भरून घेताना मात्र आपण दोनच गोष्टी विचारतो: दुखेल का, आणि पैसे किती होतील. दाढेत नेमके काय भरले, हे रुग्ण विचारत नाही आणि बहुतेक दवाखान्यांत कोणी आपणहून सांगतही नाही. ‘चांदी भरली’ किंवा ‘सिमेंट भरले’ एवढ्यावर विषय संपतो. वास्तविक हा पदार्थ दहा-वीस वर्षे तोंडात राहतो. रोजच्या जेवणात त्यावर दाब येतो, गरम चहा आणि थंड पाणी त्यावरून जाते, लाळ त्याला अष्टौप्रहर भिजवत असते. शरीरात इतका काळ राहणाऱ्या पदार्थाबद्दल इतके मौन योग्य नाही.

गेल्या काही वर्षांत हे मौन भलत्याच मार्गाने सुटू लागले आहे. ‘चांदी म्हणजे विषारी पारा, आजच काढून टाका’ अशा मजकुराचे संदेश मोबाइलवरून फिरतात. ते वाचून धास्तावलेली माणसे वीस वर्षे निमूट काम करणारी दाढ उकरून द्या म्हणून दवाखान्यात येतात. त्यांना ‘काही होत नाही हो’ असे दोन शब्दांत उडवून लावले जाते, किंवा त्यांच्या भीतीचा फायदा घेऊन सगळ्या दाढा एका आठवड्यात बदलून दिल्या जातात. दोन्ही वागण्यांत रुग्णाचे नुकसान आहे. हे पुस्तक लिहायला घेतले ते या कारणाने.

पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. दाढ भरण्याचा कोणताही पदार्थ नुसता ‘सुरक्षित’ किंवा नुसता ‘घातक’ नसतो. तो कोणाच्या तोंडात आहे, कोणी आणि कसा भरला, भरताना व काढताना त्याचा अंश कुठे गेला, आणि तो भरला नसता तर काय झाले असते, या चार गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय सुरक्षिततेचा निवाडा होत नाही. पुढची सगळी प्रकरणे या चार कसोट्यांभोवती रचली आहेत.

सुरुवात शेवटच्या कसोटीपासून करू, कारण तीच सर्वांत जास्त विसरली जाते. दातांवर साचलेल्या थरातले जिवाणू आपल्या खाण्यातली साखर पचवतात आणि आम्ल तयार करतात. दाताभोवतीचा सामू ५.५च्या खाली घसरला की दाताचे वरचे कवच विरघळू लागते. सुरुवातीच्या पांढुरक्या डागापर्यंत लाळ आणि फ्लोराइड ही झीज भरून काढू शकतात. एकदा खड्डा पडला की मात्र शरीर तो बुजवू शकत नाही, कारण कवच घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा झालेल्या असतात. हाड जुळते, कातडी भरून येते, दात तसा भरून येत नाही. म्हणून बाहेरचा पदार्थ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे २०० कोटी माणसांच्या कायमच्या दातांना कीड आहे आणि ५० कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांना. रिकामा सोडलेला खड्डा तसाच राहत नाही. कीड दाताच्या नसेपर्यंत जाते, पू होतो, गाल सुजतो, शेवटी दात काढावा लागतो. कोणत्याही पदार्थाचा धोका मोजायचा तो या धोक्याशेजारी ठेवूनच.

माणसाला हे फार पूर्वी उमगले होते. बलुचिस्तानातल्या मेहरगढ येथे सापडलेल्या, ७,००० वर्षांहून जुन्या दाढांमध्ये गारगोटीच्या टोकाने कोरलेली भोके आढळली आहेत. स्लोव्हेनियात मिळालेल्या सुमारे ६,५०० वर्षांपूर्वीच्या एका दातावर मधमाशीच्या मेणाचा लेप आहे. पुढे युरोपात शिसे, कथील आणि सोन्याचा वर्ख वापरात आले. सोन्याचा वर्ख टिकाऊ होता. पण तो थरावर थर ठोकून बसवायला तासन्‌तास लागत, दात पूर्ण कोरडा ठेवावा लागे, आणि तो फक्त श्रीमंतांना परवडे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून दाढ भरण्याची युक्ती निघाली. थंड असतानाच लोण्यासारखा दाबता येणारा आणि काही तासांत दगडासारखा घट्ट होणारा हा लगदा म्हणजे अमाल्गम. आपण ज्याला ‘चांदी’ म्हणतो तो हाच. १८३३ साली क्रॉकर बंधूंनी तो न्यूयॉर्कला नेला आणि ‘रॉयल मिनरल सक्सिडेनियम’ असे भपकेदार नाव देऊन विकला. त्या नावात पाऱ्याचा उल्लेखही नव्हता. कीड नीट न काढताच ते लगदा दाबून मोकळे होत. सोन्याच्या कामात वाकबगार असलेले दंतवैद्य त्यावर संतापले. १८४० मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्स’ने १८४५ मध्ये ठराव केला की अमाल्गम वापरणे हा व्यवसायद्रोह आहे, आणि सभासदांकडून ते न वापरण्याची प्रतिज्ञा लिहून मागितली. सभासदच विटले. १८५० मध्ये ठराव मागे घ्यावा लागला आणि १८५६ मध्ये संस्थाच बुडाली.

या वादाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे, कारण आजच्या वादाचा सगळा सांगाडा त्यात दिसतो. पाऱ्याची भीती बाळगणारे चूक नव्हते. पारा विषारी आहे, हे टोप्या बनवणाऱ्या आणि आरशांना मुलामा देणाऱ्या कारागिरांच्या थरथरत्या हातांवरून जगाला माहीत होते. पण त्यांच्याकडे गरिबाच्या दाढेसाठी दुसरे काहीच नव्हते. अमाल्गमवाल्यांनी लाखो दाढा वाचवल्या हेही खरे, आणि त्यांनी पाऱ्याच्या प्रश्नाकडे पाहायचे टाळले हेही खरे. पदार्थाच्या गुणदोषांत धंद्याचे हितसंबंध मिसळले की सत्य दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे वाटले जाते.

अमाल्गमला शास्त्राचा पाया दिला तो अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जी. व्ही. ब्लॅक यांनी. कोणत्या मिश्रणाने भरलेली दाढ फुगते, कोणत्याने आकसते, हे त्यांनी प्रयोगांनी मोजले आणि १८९५च्या सुमारास चांदी व कथलाचे समतोल प्रमाण मांडले. नंतर त्यात तांब्याचे प्रमाण वाढले आणि मजबुती आणखी सुधारली. आजच्या अमाल्गममध्ये वजनाने सुमारे निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील, तांबे आणि कधी थोडे जस्त. दीडशे वर्षांहून अधिक काळ ते टिकून राहिले याचे कारण साधे आहे. लाळेने ओल्या झालेल्या तोंडातही ते चालते, मागच्या दाढेवरचा मोठा दाब सोसते, स्वस्त आहे, आणि घाईत काम करणाऱ्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरच्या हातूनही सहसा बिघडत नाही.

मग पाऱ्याचे काय? घट्ट झालेल्या अमाल्गममध्ये पारा चांदी-कथलाशी बांधला जातो, पण पूर्णपणे कोंडला जात नाही. चावताना, दात घासताना, गरम पेय पिताना आणि झोपेत दात खाताना त्याची अत्यल्प वाफ सुटते. चघळल्याने भरलेल्या दाढांमधून पारा सुटतो, हे १९७९ मध्ये मोजमापाने दाखवले गेले. धातुरूप पारा गिळला गेला तर आतड्यातून तो जवळजवळ शोषलाच जात नाही. वाफ श्वासातून गेली तर मात्र सुमारे ८० टक्के रक्तात उतरते. म्हणून सगळा हिशेब वाफेचा करायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९१च्या अंदाजाप्रमाणे भरलेल्या दाढांमधून दिवसाला साधारण ३ ते १७ मायक्रोग्रॅम पारा शरीरात शोषला जातो. जितक्या जास्त दाढा भरलेल्या, तितके हे प्रमाण जास्त. वाफेच्या धोक्याबद्दल १९२६ मध्येच जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टोक यांनी इशारा दिला होता. प्रयोगशाळेतल्या पाऱ्याने त्यांची स्वतःची स्मरणशक्ती आणि प्रकृती ढासळली होती, त्यामुळे त्यांच्या लिखाणाला वजन आले.

एवढ्या पाऱ्याने माणसाला अपाय होतो का, याचे आजवरचे सर्वांत भक्कम उत्तर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनी दिले. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात ५३४ आणि पोर्तुगालच्या लिस्बन शहरात ५०७ मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला अमाल्गम, दुसऱ्याला पाराविरहित पदार्थ. न्यू इंग्लंडमध्ये पाच वर्षे आणि लिस्बनमध्ये सात वर्षे या मुलांची बुद्धी, स्मरणशक्ती, लक्ष आणि मूत्रपिंडे तपासली. अमाल्गमच्या गटात लघवीतला पारा थोडा वाढला, हे नक्की दिसले. पण बुद्धी आणि वर्तनाच्या चाचण्यांत दोन गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. या निकालाने ‘चांदीमुळे मेंदू जातो’ हा दावा मोडीत निघतो. मात्र प्रत्येक माणसासाठी तो शंभर टक्के निर्वाळा ठरत नाही. गर्भातले मूल, मूत्रपिंडाचा जुना आजार असलेला रुग्ण, पाऱ्याची ॲलर्जी असलेली व्यक्ती या चाचण्यांत नव्हती. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये गरोदर, गरोदरपणाचा विचार करणाऱ्या आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुले, मज्जासंस्थेचे व मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यासाठी शक्य तिथे अमाल्गम टाळण्याचा सल्ला दिला. त्याच वेळी चांगल्या अवस्थेतली जुनी चांदी केवळ भीतीपोटी काढू नये, असेही स्पष्ट सांगितले. ती ड्रिलने उकरताना एका बैठकीत जितकी वाफ आणि भुकटी उडते, तितकी ती शांतपणे दाढेत बसलेली असताना कधीच सुटत नाही. शिवाय प्रत्येक वेळी दाताचा थोडा निरोगी भागही जातो.

रुग्णाला अपाय सिद्ध झालेला नाही, तर मग जग अमाल्गम सोडून का देत आहे? हा प्रश्न वाचकाला पडायलाच हवा, आणि त्याचे उत्तर दाढेच्या बाहेर आहे. पारा दाढेपाशी थांबत नाही. आमच्या आणि आधीच्या पिढीतल्या अनेक दंतवैद्यांनी चांदीची भुकटी आणि पारा खलात घोटला, लगदा तळहातावर मळला आणि फडक्यात पिळून जादा पारा काढला. हे आम्हाला तसेच शिकवले होते. पिळून काढलेला तो पारा बाटलीत जाई, जमिनीच्या फटीत जाई, बेसिनमधून गटारात जाई. त्या खोलीत दिवसभर काम करणारी मदतनीस बाई ही पाऱ्याच्या वाफेच्या सर्वांत जवळची व्यक्ती होती, आणि तिचा विचार कोणीच केला नाही. पुढे प्रेतदहनातही दाढांमधला पारा हवेत जातो. पाण्यात पोहोचलेल्या पाऱ्याचे जिवाणू मिथिल पारा बनवतात, तो माशांत साठतो, आणि हे रूप दाढेतल्या धातूपेक्षा कितीतरी घातक असते. जपानच्या मिनामाता गावात कारखान्याने समुद्रात सोडलेल्या मिथिल पाऱ्याने काय अनर्थ केला, हे १९५६ पासून जगासमोर आहे.

त्या गावाच्या नावाने झालेला मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला. भारताने १८ जून २०१८ रोजी त्याला अनुमोदन दिले. करारात अमाल्गमचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचे कलम आहे. २०२२ मध्ये त्यात १५ वर्षांखालील मुले आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी अमाल्गम टाळण्याची भर पडली आणि सुटा पारा वापरण्याऐवजी बंद कॅप्सूलची अट आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत २०३४ पर्यंत अमाल्गम थांबवण्यावर सहमती झाली. नॉर्वेने ते २००८ मध्येच बंद केले होते, युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून. म्हणजे हा निर्णय मुख्यतः नदी, समुद्र आणि कामगार यांच्यासाठी आहे. तो योग्य आहे असे मला ठामपणे वाटते. पण ‘बंदी आली, म्हणजे माझ्या दाढेत विष आहे’ हा अर्थ त्यातून काढणे चूक आहे.

अमाल्गमची जागा घेणारा पहिला पदार्थ म्हणजे दातासारख्या रंगाचे कंपोझिट. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी आम्लाने दात खडबडीत करून त्यावर राळ चिकटवता येते हे दाखवले, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाची राळ आणि काचेचे कण यांचे मिश्रण तयार केले. निळ्या प्रकाशात ते काही सेकंदांत घट्ट होते. दात कमी कोरावा लागतो, हा त्याचा मोठा गुण. पण त्याची सुरक्षितता डब्यावरच्या नावापेक्षा डॉक्टरच्या हातावर अधिक अवलंबून आहे. दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर एकदम भरला, दिव्याचा जोर कमी पडला किंवा दाताला लाळ लागली, तर आतली राळ कच्ची राहते किंवा दाताला नीट चिकटत नाही. कच्चे रेणू पाझरतात, दाढ ठणकते, कडेने फट पडते आणि आतून पुन्हा कीड लागते. लिस्बनच्या त्याच चाचणीत नव्याने कीड लागून दाढ पुन्हा भरावी लागण्याचा धोका कंपोझिटमध्ये अमाल्गमच्या ३.५ पट होता. वारंवार बदलावा लागणारा पदार्थ पारा नसूनही दाताचा घात करतो, हे लक्षात ठेवायला हवे.

कंपोझिटबद्दलचा दुसरा प्रश्न बिस्फेनॉल-एचा. काही राळांतून त्याचे अल्प अंश दाढ भरल्यानंतर थोडा वेळ लाळेत उतरतात आणि नंतर कमी होतात. वरचा चिकट थर पुसून घेतला आणि चूळ भरली तर ते बरेच घटतात. आजवरच्या पुराव्यात त्याने रुग्णांना अपाय झाल्याचे दिसलेले नाही. तरीही २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बिस्फेनॉल-एच्या रोजच्या सेवनाची मर्यादा पूर्वीपेक्षा २०,००० पट खाली आणली आहे. पाऱ्याला लावलेली कसोटी राळेलाही तितक्याच कडकपणे लावली पाहिजे. राळेचा सिद्ध झालेला त्रास मात्र दंतवैद्यांना आणि मदतनिसांना आहे. तिच्यातले कच्चे रेणू पातळ हातमोज्यांतून काही मिनिटांत आत शिरतात आणि बोटांना आयुष्यभराची ॲलर्जी जडते.

तिसरा पदार्थ ग्लास आयोनोमर सिमेंट. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो घडवला. काचेची भुकटी आणि आम्ल एकत्र कालवले की ते दाताला रासायनिक बंधाने चिकटते आणि हळूहळू फ्लोराइड सोडत राहते. वीज नसलेल्या गावातही, हाताच्या हत्याराने कीड खरवडून ते भरता येते. टांझानियात १९८०च्या दशकात ही पद्धत विकसित झाली आणि आज ती जगभर शिकवली जाते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या सिमेंटला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. महाराष्ट्रात मिश्री लावून दातांच्या मुळाशी खाचा पडलेल्या असंख्य स्त्रियांना याच सिमेंटने आराम मिळाला आहे. मिश्री सुटल्याशिवाय तो टिकत नाही, आणि मिश्रीतल्या तंबाखूचा धोका दाताच्या खाचेपेक्षा फार मोठा आहे, हेही त्यांना सांगावे लागते. मागच्या दाढेवरच्या मोठ्या खड्ड्यात मात्र हे सिमेंट लवकर झिजते.

या सौम्य मानल्या गेलेल्या पदार्थाची एक हकिकत मुद्दाम नोंदवतो. १९९०च्या दशकात युरोपात कानाच्या मागच्या कवटीच्या शस्त्रक्रियेत हाड बुजवायला याच जातीचे सिमेंट वापरले गेले. तिथे त्याचा मेंदूभोवतीच्या द्रवाशी संपर्क आला, त्यातले ॲल्युमिनियम मेंदूत पोहोचले, आणि रुग्ण दगावले. दाढेत निर्धोक असलेला पदार्थ चार बोटांवर प्राणघातक ठरला. पदार्थाची सुरक्षितता जागेवर ठरते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा मला ठाऊक नाही.

पुढच्या प्रकरणांत लवंग तेल आणि जस्ताच्या तात्पुरत्या सिमेंटपासून दुधाच्या दातांची कीड थोपवणाऱ्या, पण डाग काळा करणाऱ्या सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडपर्यंत प्रत्येक पदार्थाचे गुण, दोष, टिकाऊपणा आणि घ्यायची काळजी दिली आहे. दवाखाने चालवणाऱ्यांसाठी पाऱ्याच्या कचऱ्यावर वेगळे प्रकरण आहे. उरलेले अमाल्गम झाकणबंद बरणीत ठेवणे, बेसिनला गाळणी बसवणे आणि तो कचरा जाळल्या जाणाऱ्या पिशवीत कधीही न टाकणे, या गोष्टींना फार पैसा लागत नाही, आस्था लागते.

वाचकांना माझी विनंती आहे. दाढेतली जुनी चांदी घट्ट असेल, खाली कीड नसेल, तर तिला हात लावू नका. नवी दाढ भरताना डॉक्टरांना पदार्थाचे नाव विचारा, तो तुमच्यासाठी का निवडला ते विचारा, आणि केस पेपरवर तारखेसह लिहून घ्या. गरोदर असाल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा कशाची ॲलर्जी असेल, तर ते आधी सांगा. मुलांच्या हातातली साखर कमी करा आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासून घ्या. दंतवैद्य मित्रांना सांगणे इतकेच की रुग्णाने विचारण्याची वाट पाहू नका. त्याच्या तोंडात आपण जे ठेवतो आहोत त्याचे नाव, त्याचा फायदा आणि त्याचा धोका त्याला समजेल अशा मराठीत सांगणे, हे आपल्या कामातच येते.